दोन गोळ्या, एक विकर: टर्फेनाडीन प्रकरणाचा अभ्यास

१९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका ३९ वर्षांच्या स्त्रीचे प्रकरण प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी दोन दिवसांपासून तिला अधूनमधून चक्कर येत होती आणि मध्येच शुद्ध हरपत होती. दाखल होण्याच्या दहा दिवस आधी तिला दोन औषधे लिहून देण्यात आली होती: टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे औषध, ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, आणि सेफाक्लोर हे प्रतिजैविक, २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही ती घेत होती. टर्फेनाडीनच्या आठव्या दिवशी, योनिमार्गातील बुरशीच्या संसर्गासाठी, तिने केटोकोनॅझोलच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा आपल्या आपण घ्यायला सुरुवात केली. चारही औषधांपैकी कोणत्याही औषधाची मात्रा नेहमीच्या मर्यादेबाहेर नव्हती.

तिच्या ईसीजीमध्ये हृदयगतीनुसार दुरुस्त केलेले क्यूटी अंतर ६५५ मिलिसेकंद भरले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे आकुंचन सुरू झाल्यापासून ते कप्पे विद्युतदृष्ट्या पुन्हा पूर्ववत होईपर्यंत जो वेळ जातो, तो या अंतरावरून कळतो. स्त्रियांमध्ये ते साधारण ४६० मिलिसेकंदांपर्यंत असले तर चिंता करत नाहीत, ५०० च्या पुढे गेले की धोका गंभीर मानतात. ६५५ या आकड्यावर शंकेला जागाच नव्हती. पुढे तिच्या हृदयात ‘टोर्साद द प्वांत’ या नावाने ओळखली जाणारी अतिजलद व अनियमित लय दिसली, आणि शुद्ध का हरपत होती याचा उलगडा झाला. या लयीत हृदय धडधडते, परंतु रक्त पुढे ढकलत नाही. झटका आपोआप थांबला तर रुग्ण भानावर येतो, थांबला नाही तर मृत्यू ओढवतो.

टर्फेनाडीनच्या अतिमात्रेनंतर हृदयाची लय बिघडल्याच्या घटना यापूर्वी नोंदल्या गेल्या होत्या. गोळ्यांची अख्खी बाटली रिकामी करणाऱ्याचे हृदय बिघडले तर त्यात नवल वाटत नाही. येथे मात्र रुग्णाने गोळ्या ठरल्याप्रमाणेच घेतल्या होत्या. वैद्यकीय साहित्यात हे प्रकरण टिकून राहिले ते याच कारणाने. पोटात गेलेली मात्रा योग्य होती, मग रक्तातली मात्रा अयोग्य कशी झाली?

संशयितांची छाननी

चार औषधांपैकी दोषी कोण, हे ठरवताना प्रत्येक औषध शरीरातून बाहेर कसे जाते, हा प्रश्न विचारावा लागतो. सेफाक्लोर या कसोटीवर लवकर निर्दोष ठरते. ते पाण्यात सहज विरघळते, त्याचा बहुतांश भाग काही तासांतच रूप न बदलता मूत्रपिंडावाटे लघवीत उतरतो, आणि यकृताच्या यंत्रणेशी त्याचा फारसा संबंध येत नाही. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे विघटन यकृतात होते हे खरे, पण दुसऱ्या औषधाचे विघटन रोखून धरण्याची त्याची ताकद नगण्य असते. उरली दोन औषधे, टर्फेनाडीन आणि केटोकोनॅझोल. सात दिवस टर्फेनाडीन सुरळीत चालले होते आणि केटोकोनॅझोल सुरू होताच त्रास उद्भवला, हा कालक्रमच पुष्कळ काही सांगून जातो.

तरीही कालक्रम म्हणजे पुरावा नव्हे. या प्रकरणातील वैद्यांचे खरे श्रेय असे की त्यांनी तिच्या रक्तातील टर्फेनाडीन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा मुख्य पदार्थ, अशा दोहोंचे प्रमाण वेगवेगळे मोजून घेतले. मूळ टर्फेनाडीन अवाजवी प्रमाणात होते, आणि त्या मानाने त्याचा चयापचयित पदार्थ कमी होता. केवळ मूळ औषध वाढलेले आढळले असते, तर रुग्णाने गोळ्या जास्त घेतल्या असाव्यात असा तर्क शिल्लक राहिला असता. जास्त गोळ्या घेतल्या असत्या तर मूळ औषध आणि चयापचयित पदार्थ दोन्ही वाढले असते. एक वर गेले आणि दुसरे त्याच्याबरोबर वर गेले नाही, याचा अर्थ एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी वाटच अडली होती. दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून काढलेला हा निष्कर्ष माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत देखणा भाग आहे.

मूत्रपिंडाला यकृताची गरज का पडते

मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटरच लघवी बाहेर पडते. उरलेले सगळे पाणी सूक्ष्म नलिकांमधून रक्तात परत घेतले जाते. एखादे औषध चरबीत विरघळणारे असेल, तर पाण्याबरोबर तेही नलिकेच्या भिंतीतून पार होऊन परत रक्तात येते. म्हणजे मूत्रपिंडाने ते कितीही वेळा गाळले तरी शरीराबाहेर नाममात्रच जाते. गोळीच्या रूपात घेतलेली बहुतेक औषधे थोड्याफार प्रमाणात चरबीत विरघळणारी असतात. नसती तर आतड्याच्या भिंतीतून ती रक्तात शिरलीच नसती. जो गुण औषधाला शरीरात प्रवेश मिळवून देतो, तोच त्याच्या बाहेर पडण्याच्या आड येतो. हा तिढा सोडवण्याचे काम प्रामुख्याने यकृताकडे असते.

यकृत औषधाच्या रेणूत रासायनिक बदल करून तो पाण्यात विरघळणारा बनवते. पाठ्यपुस्तकांत या कामाचे दोन टप्पे सांगतात. पहिल्या टप्प्यात रेणूला ऑक्सिजन जोडणे, त्याचा एखादा भाग छाटणे अशा क्रिया होतात. दुसऱ्या टप्प्यात ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ॲसिटिल गट यांसारखा एखादा तुकडा त्याला चिकटवला जातो. तयार झालेले पदार्थ लघवीतून किंवा पित्तावाटे आतड्यात उतरून विष्ठेतून बाहेर जातात. हे टप्पे याच क्रमाने घडतात असे नाही. काही औषधे थेट दुसऱ्या टप्प्यात जातात, काहींना पहिलाच पुरतो. शिवाय या रूपांतराला सरसकट ‘विषहरण’ म्हणणे चुकीचे आहे, कारण पॅरासिटामॉलसारख्या औषधापासून यकृतातच एक अल्प प्रमाणातला पण अतिशय घातक पदार्थ तयार होतो, आणि कोडीनचा जो अंश वेदना शमवतो तो यकृताने त्यापासून बनवलेला मॉर्फिन असतो. यकृत रेणूला पाण्यात विरघळण्याजोगा करते, आणि त्या ओघात रेणूचे औषधी गुण वाढतात, घटतात किंवा बदलतात.

पहिल्या टप्प्यातील बहुतेक काम सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने (एन्झाइम), करतात. त्यांच्या गाभ्यात हिमोग्लोबिनप्रमाणेच लोहाचा अणू असलेला हीम गट असतो, आणि तोच ऑक्सिजन पकडून औषधाच्या रेणूवर बसवतो. माणसाच्या जनुकसंचात या कुळाची ५७ कार्यक्षम जनुके आहेत, पण औषधांपुरते बोलायचे तर मूठभर विकरांवरच सारा भार पडतो. त्यांतले सर्वांत कामसू विकर म्हणजे सीवायपी३ए४. ते यकृतात मुबलक असते आणि लहान आतड्याच्या अस्तरातही असते. या दुसऱ्या ठिकाणाचे महत्त्व पुढे येईलच.

शंभरातील एक भाग

तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून शोषले गेल्यावर थेट हृदयाकडे जात नाही. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते. त्यामुळे आतड्याचे अस्तर आणि यकृत अशा दोन ठिकाणी, उर्वरित शरीराला औषधाचे दर्शन होण्याआधीच, त्याचा काही हिस्सा रूपांतरित होतो. वैद्यकात याला ‘फर्स्ट पास’, म्हणजे पहिली फेरी, म्हणतात. काही औषधांच्या बाबतीत हा हिस्सा किरकोळ असतो. टर्फेनाडीनच्या बाबतीत तो जवळजवळ संपूर्ण असे: निरोगी माणसाने नेहमीच्या मात्रेत गोळी घेतली, तर त्या काळच्या तपासणीत रक्तात मूळ टर्फेनाडीन सहसा सापडतच नसे.

टर्फेनाडीनच्या रेणूच्या एका टोकाला कार्बनचा एक फांदीदार गट असतो. सीवायपी३ए४ त्या गटातील एका कार्बनवर ऑक्सिजन बसवते, आणि क्रमाक्रमाने तेथे कार्बॉक्सिलिक आम्लाचा गट तयार होतो. या एका बदलाने रेणूचा स्वभाव पालटतो. ॲलर्जीची लक्षणे निर्माण करणाऱ्या हिस्टामिनला अडवण्याची शक्ती कायम राहते, पण मेंदूत शिरकाव जवळपास होत नाही आणि हृदयाच्या स्नायूंवर मूळ रेणूचा जो परिणाम होतो तोही होत नाही. म्हणजे १९८५ पासून अमेरिकेत ‘सेल्डेन’ या नावाने विकले गेलेले, आणि झोप न आणणारे ॲलर्जीचे औषध म्हणून नावाजलेले टर्फेनाडीन, प्रत्यक्षात दुसऱ्याच रेणूच्या कर्तबगारीवर नाव कमावत होते. गोळीत होता तो केवळ कच्चा माल. रुग्णाचे यकृत त्यापासून खरे औषध बनवत होते आणि हे गोळी घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगी ठरेल, कारण धोक्याचे मूळ याच हिशेबात आहे. समजा एखाद्या औषधाचा ३० टक्के भाग पहिल्या फेरीत नष्ट होतो आणि ७० टक्के रक्तात पोहोचतो. विकर पूर्णपणे बंद पाडले तरी रक्तात पोहोचणारा भाग फार तर ७० वरून १०० वर जाईल, म्हणजे दीडपटही होणार नाही. आता समजा दुसऱ्या औषधाचा ९९ टक्के भाग पहिल्या फेरीत नष्ट होतो आणि १ टक्काच रक्तात उतरतो. विकराची कार्यक्षमता थोडीशी ढळून ९९ च्या जागी ९० टक्के भाग नष्ट होऊ लागला, तर यकृताच्या बाजूने पाहता नुकसान क्षुल्लक आहे, परंतु रक्ताच्या बाजूने पाहता १ च्या जागी १० टक्के, म्हणजे दसपट औषध शिरले आहे. ज्या औषधाचे यकृत इतके कार्यक्षमतेने रूपांतर करते ते औषध सुरक्षित, असा आपला सहज समज होतो. वस्तुस्थिती अशी की तेच औषध विकराच्या लहानसहान बिघाडाला सर्वांत हळवे असते. त्यात ज्याची मोकळी वाट एकाच विकरातून जाते, पर्यायी वाटा कामचलाऊ असतात, आणि ज्याचा मूळ रेणू हृदयाला घातक असतो, असे औषध म्हणजे तिन्ही दोष एकत्र आल्याचा नमुना. टर्फेनाडीन तसे होते.

केटोकोनॅझोलने नेमके काय केले

बुरशीच्या पेशीचे आवरण टिकून राहण्यासाठी तिला अर्गोस्टेरॉल लागते, आणि ते तयार करण्याच्या साखळीत सायटोक्रोम पी-४५० कुळातलेच एक विकर काम करते. केटोकोनॅझोलच्या रेणूतील नायट्रोजन त्या विकराच्या हीम गटातील लोहाला जाऊन चिकटतो आणि विकर निकामी होते. बुरशी मरते ती यामुळे. पण माणसाच्या यकृतातील सीवायपी३ए४ हे त्याच कुळातले असल्याने, त्याच्या लोहालाही हा नायट्रोजन तितक्याच सहजतेने चिकटतो. केटोकोनॅझोलच्या बाबतीत इष्ट परिणाम आणि अनिष्ट परिणाम यांची रासायनिक यंत्रणा एकच आहे. नंतर आलेल्या फ्लुकोनॅझोलसारख्या औषधांत हा गोंधळ कमी करण्याचा प्रयत्न झाला, तो पूर्णपणे सफल झालेला नाही.

या अडवणुकीची गतीही ध्यानात घ्यावी. विकराची जागा बळकावण्यासाठी दिवस लागत नाहीत. रेणू यकृतात पोहोचला की काम सुरू. म्हणूनच त्या स्त्रीला केटोकोनॅझोल सुरू झाल्याबरोबर त्रास झाला. याउलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिन याच विकराचे उत्पादन वाढवते, आणि नवे विकर पेशीत तयार होऊन साठायला आठवडा-दोन आठवडे लागतात. महाराष्ट्रात क्षयाचे उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरतात त्या या दुसऱ्या प्रकाराने, हळूहळू, आणि रिफाम्पिसिन बंद केल्यावरही काही काळ. औषध सुरू झाल्यापासून किती दिवसांनी बिघाड झाला, एवढ्यावरून अडवणूक की उत्तेजन याचा अंदाज अनुभवी वैद्य बांधतात.

हृदयावर काय झाले ते १९९३ पर्यंत स्पष्ट झाले. मांजराच्या हृदयातील सुट्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, आकुंचनानंतर पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊन ती पूर्वस्थितीला येते तो प्रवाह टर्फेनाडीन रोखते, आणि तेही क्विनिडीन या हृदयाच्या लयीवरील जुन्या औषधाइतक्याच ताकदीने. त्याच्या आम्लरूपी चयापचयित पदार्थात हा दोष नव्हता. पोटॅशियम वेळेवर बाहेर गेले नाही की पेशी पूर्ववत व्हायला वेळ लागतो, क्यूटी अंतर लांबते, आणि त्या लांबलेल्या अवधीत एखादा चुकार ठोका पडला तर टोर्साद द प्वांत सुरू होऊ शकते. स्त्रियांचे क्यूटी अंतर पुरुषांपेक्षा मुळातच थोडे अधिक असते आणि औषधांमुळे ही लय उद्भवलेल्या रुग्णांत त्यांचे प्रमाण जास्त आढळते. रुग्ण स्त्री होती, ही बाब म्हणून दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अशा रुग्णाला प्रथम कारणीभूत औषधे बंद करतात, शिरेतून मॅग्नेशियम देतात, पोटॅशियम सावरतात, आणि गरज पडल्यास तात्पुरत्या पेसमेकरने हृदयाची गती वाढवतात.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडला जाऊ नये, म्हणून १९९३ मध्येच सहा निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना आधी काही दिवस केवळ टर्फेनाडीन दिले गेले आणि मग त्याच्या जोडीला केटोकोनॅझोल, दोन्ही त्या रुग्णाने घेतलेल्या मात्रेत. जोडी सुरू झाल्यावर सहाही जणांच्या रक्तात मूळ टर्फेनाडीन आढळू लागले, सर्वांच्या ईसीजीत बदल दिसला, आणि ते बदल काळजी करण्याजोगे असल्यामुळे बहुतेकांना ठरलेला कालावधी पूर्ण होण्याआधीच थांबवावे लागले. हे सगळे तरुण, निरोगी आणि देखरेखीखाली होते. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाबाबतही अशीच शंका पुढे खरी ठरली. तेही सीवायपी३ए४ अडवते, मात्र वेगळ्या पद्धतीने: विकर आधी एरिथ्रोमायसिनचे रूपांतर करू लागते, आणि त्यातून तयार झालेला पदार्थ विकरालाच घट्ट धरून बसतो.

फळाचा रस

याच सुमारास कॅनडात एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा मद्याशी काय संबंध येतो हे तपासताना, मद्याची चव लपवण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला गेला, आणि रक्तातील औषधाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढलेले आढळले. शोध घेता दोष रसाचा निघाला. त्यातील फ्युरॅनोकुमारिन गटाचे पदार्थ सीवायपी३ए४ ला कायमचे निकामी करतात, पण मुख्यतः आतड्याच्या अस्तरातले, यकृतातले नव्हे. अस्तराच्या नव्या पेशी तयार होईपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, परिणाम टिकतो. त्यामुळे सकाळी रस आणि रात्री गोळी असे अंतर ठेवून भागत नाही. टर्फेनाडीनच्या पहिल्या फेरीत आतड्याचाही वाटा असल्याने ही बाब त्यालाही लागू पडली. ग्रेपफ्रूट आपल्याकडे रोजच्या खाण्यातले फळ नाही, परंतु ज्या दोन फळांच्या संकरातून ते निर्माण झाले त्यांपैकी एक म्हणजे पपनस, आणि कोकणात गणपतीच्या दिवसांत बाजारात येणाऱ्या पपनसातही हे पदार्थ असतात. मोसंबी आणि नागपुरी संत्री यांच्याविषयी अशी चिंता करण्याचे कारण नाही.

इशारा पुरेसा होता का

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये टर्फेनाडीनच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला: यकृताचा गंभीर विकार असलेल्यांनी, तसेच केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांनी हे औषध घेऊ नये. डॉक्टरांना पत्रे गेली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्यानंतर ही घातक जोडी एकत्र दिली जाण्याचे प्रमाण बरेच घटले, परंतु थांबले नाही. याचे आश्चर्य वाटू नये. ॲलर्जीची गोळी एक डॉक्टर देतो, घशासाठी प्रतिजैविक दुसरा देतो, बुरशीवरच्या गोळ्या घरात उरलेल्या असतात. तिन्ही एकत्र पाहणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे रुग्ण, आणि त्याला कोणती गोळी कोणत्या विकराच्या वाटेने जाते हे माहीत असण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. ब्रिटनमध्ये तर हे औषध चिठ्ठीशिवायही मिळत असे. मला असे वाटते की इशारा छापला म्हणजे जबाबदारी संपली, ही समजूत या प्रकरणाने खोटी ठरवली.

सुटका वेगळ्याच मार्गाने झाली. टर्फेनाडीनपासून शरीरात बनणारा आम्लरूपी पदार्थच सारे काम करतो आणि हृदयाला धोका देत नाही, हे कळल्यावर तो पदार्थच स्वतंत्र गोळीच्या रूपात देणे हा सरळ उपाय होता. फेक्सोफेनाडीन या नावाने त्याला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरक्षित पर्याय हाती आल्यामुळे १९९७ च्या जानेवारीत प्रशासनाने टर्फेनाडीनची मान्यता काढून घेण्याचा प्रस्ताव जाहीर केला आणि १९९८ च्या सुरुवातीस कंपनीने अमेरिकेतील विक्री थांबवली. भारतातही २००३ मध्ये टर्फेनाडीनवर आणि तशाच दोषाच्या ॲस्टेमिझोलवर बंदी आली. पर्याय नसता तर बंदी इतक्या निश्चयाने आली असती का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे, कारण धोका सिद्ध झाल्यापासून विक्री थांबेपर्यंत मधली काही वर्षे औषध दुकानांत होतेच.

फेक्सोफेनाडीन शरीरातून जाण्याची पद्धत मुळातच वेगळी आहे. त्याचे चयापचय जवळजवळ होत नाही. सुमारे ५ टक्केच. सुमारे ८० टक्के विष्ठेतून आणि ११ टक्के लघवीतून, बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते. सीवायपी३ए४ बंद असो वा चालू, त्याला विशेष फरक पडत नाही. मात्र शरीरातून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट कशावर तरी अवलंबून असतेच. मूत्रपिंडे क्षीण झालेल्या रुग्णाच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढते आणि म्हणून मात्रा कमी करावी लागते. तसेच आतड्याच्या अस्तरातून त्याला आत घेणारी वाहक प्रथिने ग्रेपफ्रूट, संत्री आणि सफरचंद यांच्या रसांमुळे मंदावतात. जो रस टर्फेनाडीन रक्तात वाढवत होता, तो फेक्सोफेनाडीन कमी करतो. ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी असे सांगतात ते यासाठी.

आजचे औषधांचे कपाट

टर्फेनाडीन गेले, पण त्याच्यासारखे गुणधर्म असलेली औषधे गेली नाहीत. सिसाप्राइड हे पोटाच्या तक्रारींवरचे औषध २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून याच कारणासाठी हटवावे लागले. नव्या औषधाचा क्यूटी अंतरावर काय परिणाम होतो याची स्वतंत्र चाचणी घेण्याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये आली, आणि औषध शोधण्याच्या अगदी प्रारंभिक टप्प्यातच त्या पोटॅशियम प्रवाहावरचा परिणाम व सीवायपी३ए४ वरील अवलंबित्व तपासण्याची पद्धत रुळली.

आपल्याकडे लक्ष ठेवायला हवे अशी जोडी डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचे औषध आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध यांची आहे. आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल भारतात सर्रास घेतली जाते, पुष्कळदा मेडिकलमधून नाव सांगून, आणि महिनोन्‌महिने. डॉम्पेरिडोनचे रूपांतर मुख्यतः सीवायपी३ए४ करते आणि मूळ रेणू क्यूटी अंतर लांबवतो. टर्फेनाडीनइतका तीव्र नसला तरी घडण तीच. युरोपीय औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याची मात्रा दिवसाला १० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांपर्यंत आणि कालावधी साधारण एका आठवड्यापर्यंत मर्यादित केला आणि सीवायपी३ए४ जोराने अडवणाऱ्या औषधांबरोबर ते देऊ नये असे बजावले. अमेरिकेत ते माणसांसाठी कधी मान्यच झाले नाही. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाचे चिवट रुग्ण खूप वाढले असून त्यांना इट्राकोनॅझोल आठवड्यांच्या हिशेबाने दिले जाते, आणि इट्राकोनॅझोल हे केटोकोनॅझोलचे जवळचे नातलग असून तितक्याच जोमाने त्या विकराला अडवते. त्वचारोगतज्ज्ञाने लिहिलेल्या चिठ्ठीत आम्लपित्ताच्या कॅप्सूलचा उल्लेख नसतो, कारण रुग्णाच्या लेखी ते औषधच नसते. घसा धरला म्हणून मध्येच क्लॅरिथ्रोमायसिन आले, तर त्याच विकरावर आणखी एक भार पडतो. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याला याच अडवणुकीचा फटका हृदयाऐवजी स्नायूंना बसतो: स्नायू दुखतात, लघवी गडद होते, आणि स्नायूंतून सुटलेल्या प्रथिनाने मूत्रपिंडे बिघडू शकतात.

म्हणून बुरशीवरचे पोटात घ्यायचे कोणतेही औषध सुरू करताना डॉक्टरांनी ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘पित्तासाठी, सर्दीसाठी, झोपेसाठी मनाने काही घेता का?’ असे नाव घेऊन विचारले, तर कॅप्सूलची ती पट्टी रुग्णाच्या पिशवीतून बाहेर येते आणि इट्राकोनॅझोल चालू असेपर्यंत डॉम्पेरिडोन थांबवून नुसते आम्ल कमी करणारे औषध ठेवायचे की नाही, हे ठरवता येते. हा निर्णयही अगदी सोपा नसतो, कारण इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट शोषली जाण्यासाठी जठरात आम्ल असावे लागते आणि पँटोप्राझोल तेच कमी करते.